बोर्ड घेत गेला, अण्णा देत गेले

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या सकाळी मी माझ्याच घरच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला १.२५ व्होल्टऐवजी १.५२ व्होल्ट दिले आणि निवांत चहा प्यायला बसलो. चष्मा दुकानात राहिला होता, आणि चष्म्याशिवाय आपल्याला आकडे दिसत नाहीत हे मानायला मी तयार नव्हतो. आकडा टाकताच तो लाल झाला. मला वाटलं, निवडलेला आकडा लालच दिसत असेल. दिवाळी आहे, कंपनीनेही रोषणाई केली असेल. बटण दाबलं, मशीन सुरू झाली. धूर नाही, ठिणगी नाही, तक्रार नाही. फक्त पंखा असा ओरडायला लागला की वैशाली, म्हणजे माझी बायको, हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, डुमना विमानतळ इकडे आणलं काय?"

"सर्व्हिसिंग करून राहिलो," मी म्हणालो.

"आपल्याच मशीनची? मग आधी माझी मार्कांची फाईल काढून द्या. पोरं वर्षभर मेहनत करतात."

वैशाली शाळेत गणित शिकवते. मी मशीन बंद करून पुन्हा सेटिंगचा पडदा उघडला, तेव्हा तिने वाकून आकडा वाचला. "एक पॉइंट पाच दोन. लाल काहून आहे हा?" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. प्रोसेसरची चिप वाचली. माझी इज्जत मात्र संध्याकाळपर्यंत नागपूर, रायपूर आणि पुणे अशी सगळ्या नातेवाइकांत फिरून आली.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जी हुशारी सांगणार आहे ती वाचकांनी बेताने घ्यावी. जबलपूरच्या राईट टाऊनमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दारावरच्या पाटीत 'एक्सपर्ट' हा शब्द माझ्या नावापेक्षा मोठा आहे, पण तो पेंटरचा निर्णय होता. बाकी दुकानदार फॉरमॅट मारून देतात, मीही देतो. पण माझी खरी आवड म्हणजे मशीनला तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि ते शिकण्याच्या पायी मी ज्या चिपा जाळल्या, त्या सगळ्या माझ्याच पैशांच्या होत्या. एवढा प्रामाणिकपणा धंद्यात पुष्कळ झाला.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रोसेसर हा कॉम्प्युटरमधला तबलजी समजा. तो एका ठरलेल्या लयीत काम करतो. तुम्ही म्हणालात, लय वाढव, तर तो वाढवतो. पण एका हद्दीनंतर बोल अस्पष्ट निघायला लागतात. कॉम्प्युटरच्या भाषेत त्याला मशीन हँग होणं, नाहीतर निळी स्क्रीन येणं म्हणतात. बोल पुन्हा स्वच्छ हवे असतील तर मनगटात जोर पाहिजे. तो जोर म्हणजे व्होल्टेज. थोडं वाढवा, मशीन ताळ्यावर येते. मात्र जोर वाढला की घामही वाढतो, आणि घाम जोराच्या हिशोबात वाढत नाही, त्याच्या पुढे पळतो. व्होल्टेज जरासं वर गेलं की चिप तवा होते.

हे व्होल्टेज देण्याचं काम मदरबोर्डाचं. मशीनला बारा व्होल्ट मिळतात, पण प्रोसेसरला लागतात जेमतेम सव्वा. ते उतरवून द्यायला बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूलाच काळे चौकोनी तुकडे रांगेने बसवलेले असतात. चांगल्या बोर्डावर त्यांच्या डोक्यावर धातूची जाड टोपी असते, स्वस्त बोर्डावर ते उघडबोडके उन्हात उभे.

असा एक उघडबोडका बोर्ड घेऊन बडा फुहाऱ्याच्या बाजारातले एक साडीवाले सेठजी माझ्याकडे आले होते. चिप घेतली बाजारातली सगळ्यात महाग, बोर्ड घेतला सगळ्यात स्वस्त. वर आपली उदारता सांगत होते. "भैया, दिमाग पे पैसा लगाया है. अब इसको भगाओ."

मी सेटिंग उघडून दाखवलं. त्या बोर्डावर व्होल्टेज वाढवायची सोयच नव्हती, त्या ओळीवर बोटच टेकत नव्हतं. म्हटलं, सेठजी, ये बोर्ड मना कर रहा है.

"मना कर रहा है? लिमिट किसने लगाई?"

"कंपनी ने."

"तो कंपनी से मेरी बात कराओ."

मी कंपनीशी बोलणं करून दिलं नाही. पण आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, सेठजींचा बोर्ड भला होता. नाही म्हणायचं तर सुरुवातीलाच नाही म्हणाला. खरी पंचाईत करतात ते भारी बोर्ड, जे कशालाच नाही म्हणत नाहीत. त्यांनी पंचाईत केली ती अण्णांची.

अण्णा पेठकर आमचे जुने घरोब्याचे. कांचघरला राहतात. सगळी नोकरी तोफांच्या फॅक्टरीत गेली, तीही तपासणी विभागात. बनलेला प्रत्येक भाग यांच्या हाताखालून जायचा. त्यांच्या हातात जे मापाचं हत्यार असायचं त्याला गेज म्हणतात. त्याचं एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. गो टोक भोकात गेलं पाहिजे, नो-गो टोक जाता कामा नये. गेलं तर माल रद्द. वाद नाही, मत नाही, साहेबाचा फोन नाही. अण्णा निवृत्त झाले, पण गेज त्यांच्या अंगातून निवृत्त झालं नाही. भाजीवाल्याची कैरीसुद्धा ते असं डोळ्यांजवळ धरून बघतात की भाजीवाला आपणहून दुसरी देतो.

त्यांची मुलगी ऋचा आर्किटेक्ट. पुण्यातल्या नोकरीतून आईच्या आजारपणासाठी आली होती. आई गेली. त्यानंतर ऋचाने ऑफिसकडून रजा वाढवून घेतली आणि घरूनच स्वतःचं काम मिळवायला लागली. न बांधलेल्या इमारतीतून फिरत असल्यासारखी फिल्म ती कॉम्प्युटरवर बनवून देते. दार उघडतं, आत सोफा, खिडकीत ऊन, ऊन फरशीवर सरकतं. बघायला दोन मिनिटं, पण एकेक चित्र तयार करायला मशीनचा जीव निघतो. त्यासाठी जानेवारीत तिला मी मशीन बांधून दिली आणि वेगही वाढवून दिला. अण्णा शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होते. मी वेग एक पायरी चढवला, मशीन हँग झाली. व्होल्टेज एक पायरी चढवलं, चालली. १.३० वर थांबलो. दिवसभर पूर्ण ताकदीने पळवून पाहिली.

"पास," मी म्हणालो.

"पास," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकायला फॅक्टरीत लोक रांग लावून उभे राहायचे, म्हणून मी मनातून खूश झालो. खुशीत एक गोष्ट सांगायची राहिली. पायऱ्या कशा चढायच्या हे त्यांनी पाहिलं होतं. जिना कुठे संपतो हे मी बोललोच नव्हतो.

मे महिन्यात एका शनिवारी दुपारी ऋचाचा फोन आला.

"शिरीषकाका, मशीन परत परत बंद पडून राहिली आहे. आणि सोमवारी सकाळी फिल्म द्यायची आहे."

"कोणाची?"

"भेडाघाटजवळच्या त्या नव्या हॉटेलवाल्यांची. माझं पहिलं मोठं काम आहे काका. हे वेळेवर गेलं तर ते पुढची दोन हॉटेलंही मला देऊन राहिले. नाही गेलं तर… पुण्याचं ऑफिस आता थांबायला तयार नाही. सोमवारीच त्यांना हो की नाही सांगायचं आहे."

मी स्कूटर काढली. जबलपूरच्या मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. रस्त्यावर मी, माझी स्कूटर आणि एक निर्विकार म्हैस.

ऋचाची खोली म्हणजे पश्चिमेची भिंत आणि वाळ्याचा कूलर. मशीन कपाट आणि भिंत यांच्या मधल्या कोनाड्यात, तिथे माणूस उभा केला असता तर तोही बंद पडला असता. अण्णा बंडी घालून पलंगाच्या कडेला बसले होते. माझ्याकडे पाहून हसले नाहीत. ऋचा म्हणाली, "तुम्ही बघा, मी पन्हं घेऊन येते," आणि आत गेली.

मी मशीन चालू करून सेटिंगच्या पडद्यावर गेलो. या वेळी चष्मा लावून. व्होल्टेजच्या ओळीपुढे १.४६ होतं. लालभडक.

मी १.३० ठेवून गेलो होतो. घरात माणसं दोन, त्यातली एक पन्हं करत होती. मी वळून पाहिलं. अण्णांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मार्चअखेर पहिल्यांदा बंद पडली. पोरगी रडवेली झाली रे. तू केलं होतं तसं एक पायरी चढवलं. चालली."

"मग?"

"मग दहा-पंधरा दिवसांनी परत. मी परत एक चढवली. परत चालली. असं होत होत इथवर आलो."

"अण्णा, आकडा लाल झाला होता ना?"

"झाला होता. मी पाहिला. पण बोर्डाने घेतला ना!" आता त्यांचा आवाज जरा वर चढला, तपासणी विभागातला झाला. "मी मुद्दाम पुढे जाऊन पाहिलं. एक पॉइंट सातच्या पुढे तो घेत नाही. म्हणजे तिथे नो-गो. मी त्याच्या कितीतरी खाली होतो. ज्याने बोर्ड बनवला त्याने मर्यादा आखून दिली आहे, मी मर्यादेत आहे. मग नापास काहून?"

मी हसलो असतो, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ज्या माणसाने सगळं आयुष्य वरची रेघ आणि खालची रेघ यांच्या मधला माल पास केला, तो आणखी काय करणार? रेघ ज्याने आखली त्याने आतल्या मालाचा विचार करूनच आखली असणार, या भरवशावर त्यांची सगळी नोकरी उभी होती.

"अण्णा, ती रेघ या चिपची नाहीच," मी म्हणालो. "बोर्डवाला एकच बोर्ड बनवतो, त्यावर दहा तऱ्हेच्या चिपा बसतात. शिवाय जगात असे काही वेडे आहेत, चिपवर बर्फाहून कितीतरी थंड, पातळ केलेला वायू ओततात आणि घटकाभर रेकॉर्डसाठी पळवतात. वरचे आकडे त्या लोकांसाठी ठेवलेले असतात. १.७ म्हणजे बोर्ड कुठवर देऊ शकतो ते. चिप कुठवर सोसू शकते ते नाही."

अण्णांनी पडद्यावरचा लाल आकडा परत एकदा पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे मी तोफेच्या गेजने बंदूक मोजली."

"तसंच."

"खराब झाली?"

"जळली नाही, थकली आहे. जास्त व्होल्टेजवर चिप आतून झिजते. झिजली की त्याच वेगाला आणखी व्होल्टेज मागते. तुम्ही दिलं की आणखी झिजते. म्हणून दर पंधरा दिवसांनी तुमच्या दारात उभी राहत होती."

"आता?"

"आता वेग उतरवायचा. कंपनीने दिला होता तिथे. व्होल्टेज १.२२."

"धीमी केली तर सोमवार कसा गाठणार? इथे जोरात पळून पुरं पडत नव्हतं."

इथे मात्र मला माझा धंदा येतो, आणि तो आला तेव्हा मी मागे हटलो नाही. म्हटलं, बघा. व्होल्टेज तसंच ठेवून फिल्ममधलं एक चित्र बनवायला लावलं. चित्र सुरू झालं तेव्हा वेगाचा आकडा ऐटीत वर. मग तापमान चढलं, आणि वेगाचा आकडा एकदम निम्म्यावर आला. थोडा वर, परत खाली. मशीन जीव वाचवायला आपणच वेग टाकत होती. ग्वारीघाटच्या चढावर एखादा ऐटीत सायकल मारत निघतो आणि लोक दिसेनासे झाले की उतरून ढकलत जातो, तसं तिचं चाललं होतं. ढकलण्याचंही अंग राहिलं नाही की निळी स्क्रीन.

मग वेग उतरवला, १.२२ टाकलं, मशीन कोनाड्यातून ओढून खोलीच्या मधोमध ठेवली आणि तेच चित्र पुन्हा लावलं. वेगाचा आकडा खालचा, पण जागचा हलेना. पंखा शांत. पहिल्या खेपेला जितक्या वेळात सोफा झाला होता, तितक्यात सोफा, खिडकी आणि खिडकीतलं ऊन, सगळं पूर्ण. अण्णा वाकून बघत राहिले. चांगला माल हातात आला की तपासनीस तो फिरवून फिरवून बघतो, तसे.

ऋचा पन्ह्याचे ग्लास घेऊन आली. "काय झालं होतं काका?"

खरं सांगतो, मी उत्तर तयार ठेवलं होतं. उन्हाळा, कूलरची दमट हवा, कपाटाचा कोनाडा. सगळं थोडं थोडं खरंही होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "मी व्होल्टेज वाढवत होतो. बोर्ड घेत गेला, मी देत गेलो."

ऋचाने ग्लास खाली ठेवले. "म्हणून तुमचा चष्मा नेहमी माझ्या टेबलावर सापडायचा? मला वाटलं तुम्ही चोरून पत्ते खेळून राहिले!"

"पत्ते?"

"कॉम्प्युटरवरचे. मी म्हटलं, करमत नसेल बाबांना, खेळू द्या." मग ती मशीनकडे वळली. "जळली असती म्हणजे बाबा? माझं काम गेलं असतं. मला विचारलं काहून नाही?"

"जळली असती तर तू पुण्याला गेली असती," अण्णा म्हणाले. "नसतं वाढवलं तरी गेली असती. चलो, म्हटलं, चालून राहिली तोवर चालू द्यावी."

मी पन्हं पीत बसलो, कारण अशा वेळी माणसाने ग्लासात बघावं एवढं मला कळतं. ऋचाने कूलरच्या हवेने अण्णांच्या डोक्यावर आलेला खिडकीचा पडदा बाजूला सारला, मग खुर्ची ओढून मशीनसमोर बसली आणि राहिलेली सगळी चित्रं एकामागून एक लावून दिली.

रविवारी मी अध्येमध्ये फोन करत होतो. दर वेळी फोन अण्णाच उचलायचे आणि इकडचं तिकडचं न बोलता फक्त म्हणायचे, "पास." संध्याकाळी त्यांनी फोन उचलून म्हटलं, "सगळी पास." सोमवारी सकाळी फिल्म गेली. दुपारी हॉटेलवाल्यांचा निरोप आला की काम पसंत आहे, पण सोफ्याचा रंग बदलून द्या. ऋचा म्हणते, ज्या दिवशी गिऱ्हाईक सोफ्याचा रंग बदलणार नाही त्या दिवशी प्रलय होईल. पुढच्या दोन हॉटेलांचंही पक्कं झालं. पुण्याला तिने नाही कळवलं. माझ्या दुकानात मात्र तिने ताकीद दिली, "काका, नवी चिप आली की बसवा, पण पळवायची नाही. मला सावकाश चालणारी आणि रोज चालणारी पाहिजे." ज्या कलेवर मी इतकी वर्षं मिरवलो, तिची किंमत एका वाक्यात झाली. वाईट वाटलं, पण मुलीचं चुकीचं नव्हतं. हल्ली कंपन्याच चिपांना एवढं पळवून पाठवतात की माझ्यासारख्यांना पळवायला फारसं काही उरत नाही. आताशा मी लोकांच्या मशीनचं व्होल्टेज बहुधा उतरवतो आणि त्यांना वाटतं, शिरीषभैयाने काहीतरी जबरदस्त केलं.

त्या आठवड्यात अण्णा दुकानात आले. एका हातात खव्याची जलेबी, बडा फुहाऱ्याची, गरम. दुसऱ्या हाताने खिशातून पितळेची एक छोटी पट्टी काढून काउंटरवर ठेवली. घरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात धरून, कानशीने कडा मारून बनवलेली. एका टोकाला ठोकून अक्षरं उमटवली होती, 'गो १.२२'. दुसऱ्या टोकाला, 'नो-गो १.३०'. तशीच एक त्यांनी ऋचाच्या मशीनवर बसवली होती. ही माझ्यासाठी, नमुना म्हणून.

"बोर्डाची मर्यादा बोर्डाजवळ," ते म्हणाले. "ही आपली."

मी ती पट्टी घरी नेली. जेवताना वैशालीला सगळं रंगवून सांगितलं. लाल आकडा, तोफेचं गेज, सायकल ढकलणारी मशीन, माझी समयसूचकता. समयसूचकता जरा जास्त रंगली असेल. तिने शांतपणे ऐकलं, पट्टी उलटसुलट करून पाहिली, आणि बाजूला ठेवली.

"म्हणजे अण्णांनी लाल आकडा पाहून दिला," ती म्हणाली. "तुम्ही न पाहता दिला होता."

मी जलेबी पुढे केली. तिने ती घेतली, पण विषय सोडला नाही.

"अण्णांना म्हणा, अजून एक पट्टी करून द्या."

"आपल्या मशीनसाठी ना? सांगतो."

"मशीन ठीक आहे हो. पट्टी तुमच्यासाठी. एका टोकाला लिहायचं, चष्म्यासकट, गो."